गुप्तचर प्रमुखांचा राजकारणप्रवेश

गुप्तचर यंत्रणेचे प्रमुखपद सांभाळलेल्या अधिकाऱ्याने पुढे सत्तेचे किंवा घटनात्मक पद घेणे. रशियाचे पुतिन १९९८-९९ मध्ये एफएसबी या गुप्तचर संस्थेचे प्रमुख होते, २००० साली राष्ट्राध्यक्ष झाले. अमेरिकेचे थोरले बुश १९७६ मध्ये सीआयएचे प्रमुख झाले खरे, पण ते आधीपासूनच राजकारणी. त्यांना या यादीत ओढूनताणूनच बसवावे लागते.

भारतात ही वाट मतपेटीपेक्षा राजभवनाकडे अधिक वळते. देशांतर्गत गुप्तचर यंत्रणा आयबीचे टी. व्ही. राजेश्वर, ई. एस. एल. नरसिंहन आणि परदेशातली हेरगिरी पाहणाऱ्या ‘रॉ’चे गिरीशचंद्र सक्सेना हे तिघेही राज्यपाल झाले. निवडणुकीला ओळखीचा चेहरा लागतो आणि यांची हयात चेहरा लपवण्यात गेलेली. शिवाजी पार्कच्या सभेत साध्या वेशातला विशेष शाखेचा पोलीस कडेला उभा राहून टिपणे घेतो. त्याला व्यासपीठावर कोण बोलावणार?

मुंबईकरांना यातले एम. के. नारायणन आठवतात. दोनदा आयबीचे प्रमुख राहिलेले नारायणन २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यावेळी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होते. हल्ल्यानंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील पायउतार झाले. तिघेही महाराष्ट्राचे. सल्लागार मात्र जागेवर राहिले. राज्याने हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीत ‘रॉ’चे निवृत्त अधिकारी व्ही. बालचंद्रन होते, पण समितीचा रोख मुंबई पोलिसांच्या कामगिरीवर होता. जानेवारी २०१० मध्ये नारायणन पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. त्याच महिन्यात शिवराज पाटीलही पंजाबच्या राजभवनात पोहोचले. आर. आर. आबा तर त्याआधीच पुन्हा गृहमंत्री झाले होते.

थेट निवडणुकीचे धाडस खाकी वर्दीवाले करतात. मुंबईचे पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी २०१४ च्या आरंभी सेवा सोडून भाजपची वाट धरली आणि काही महिन्यांत उत्तर प्रदेशातल्या बागपतमधून अजितसिंहांना हरवले. मुंबई सांभाळणाऱ्याने मते मागितली ती आपल्या गावाकडे! २०१७ मध्ये ते केंद्रात राज्यमंत्री झाले. बड्या सरकारी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभरात खासगी कंपनीत जायचे तर सरकारची परवानगी घ्यावी लागते. पक्षात जाण्याला अशी मुदत नाही. निवडणूक आयोगाने ती सुचवली होती, केंद्राने मान्य केली नाही.