हलकं वजन म्हणजे सवलत नव्हे

एप्रिल जवळ आला की ओळखीच्या रेसवाल्यांचे निरोप सुरू होतात. ग्रँड नॅशनलची, म्हणजे इंग्लंडमधल्या अडथळ्यांवरच्या मोठ्या घोडेशर्यतीची, यादी हातात आलेली असते आणि प्रत्येकाने तिच्या तळाचा एखादा घोडा हेरून ठेवलेला असतो. "दहा स्टोन तीन पौंड! हँडिकॅपरने याला सोडूनच दिलाय की." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि त्यावर इतके पैसे लागलेले पाहिलेत, की आता एकदाच नीट लिहून ठेवते. घोड्याला हलकं वजन मिळणं ही एक गोष्ट. हँडिकॅपरकडून, म्हणजे वजनं ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडून, त्याला सवलत मिळणं ही दुसरी. पहिली कार्डावर छापलेली असते. दुसरी कुठेच छापलेली नसते, ती हुडकून काढावी लागते.

महालक्ष्मीला आणि पुण्याला रेस खेळणाऱ्यांना हँडिकॅप शिकवायची गरज नाही. नवख्यांसाठी एवढंच: हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याला जास्त वजन देतात, आणि तो किती चांगला ते रेटिंगच्या आकड्यावरून ठरतं. आपल्याकडे रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो, तिकडे एक पॉइंट म्हणजे एक पौंड. फरक नगण्य आहे. चौदा पौंडांचा एक स्टोन होतो, तेवढं लक्षात ठेवलं की पुरे. आपली इंडियन डर्बी जशी हँडिकॅप नाही, तसा मार्चमधला चेल्टनहॅम गोल्ड कपही हँडिकॅप नाही. तिथे सगळे घोडे सारख्या वजनावर पळतात, घोडींना तेवढी सूट असते. नॅशनल मात्र हँडिकॅप आहे. लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री रेसकोर्सवर, तीस फेन्स (उंच अडथळे), सव्वाचार मैलांहून थोडं जास्त, म्हणजे आपल्या डर्बीच्या जवळजवळ तिप्पट अंतर. आधी चाळीस घोडे पळायचे, २०२४ पासून चौतीस. चेसचं (फेन्सवरच्या शर्यतीचं) रेटिंग वेगळं आणि हर्डलचं (छोट्या अडथळ्यांवरच्या शर्यतीचं) वेगळं, हेही ध्यानात असू द्या. यापलीकडे प्राथमिक माहितीत अडकण्यासारखं काही नाही.

अडकायला होतं ते इथे. रेटिंग हे हँडिकॅपरचं त्या घोड्याबद्दलचं मत आहे. वजन हे मत नाही, ती वजाबाकी आहे. शर्यतीतल्या सगळ्यात वरच्या रेटिंगच्या घोड्याला सर्वाधिक वजन (टॉप वेट) देतात, आणि बाकीच्यांचं रेटिंग त्याच्यापेक्षा जितकं कमी, तितके पौंड कमी करत यादी खाली जाते. म्हणजे तुमच्या घोड्याचं वजन किती, हे बऱ्याच अंशी त्याच्या डोक्यावर कोण बसलाय यावर ठरतं.

दोन लागोपाठच्या वर्षांचे आकडे घ्या. २०२१ मध्ये मिनेला टाइम्स जिंकला. रेचेल ब्लॅकमोर त्याच्यावर होती आणि नॅशनल जिंकणारी ती पहिली महिला जॉकी ठरली. घोड्याचं रेटिंग १४६, वजन १० स्टोन ३. पुढच्या वर्षी नोबल येट्स जिंकला. त्याचं रेटिंग १४७, वजन १० स्टोन १०. रेटिंगमध्ये एका पॉइंटचा फरक आणि वजनात सात पौंडांचा! हँडिकॅपरने नोबल येट्सवर राग काढला का? अजिबात नाही. दोन्ही वर्षी टॉप वेट ११ स्टोन १० होतं, म्हणजे १६४ पौंड. २०२१ मध्ये वरच्या घोड्याचं, ब्रिस्टल द माईचं, रेटिंग १६७ होतं. त्यातून १४६ गेले, उरले २१. १६४ मधून २१ वजा करा, १४३ पौंड येतात, म्हणजेच १० स्टोन ३. २०२२ मध्ये वरच्या घोड्याचं रेटिंग १६१ होतं. १४७ त्याच्यापेक्षा १४ ने कमी, म्हणून १५० पौंड, १० स्टोन १०. हँडिकॅपरच्या लेखी हे दोन घोडे जवळजवळ एकाच पायरीवरचे होते. बदलला तो वरचा घोडा.

आणि २०२२ चा तो वरचा घोडा कोण होता? मिनेला टाइम्सच. १० स्टोन ३ वरून थेट ११ स्टोन १०, एका वर्षात २१ पौंडांची वाढ. तेव्हा मला कितीतरी जणांनी सांगितलं, की जिंकल्याची शिक्षा म्हणून हँडिकॅपरने त्याच्यावर २१ पौंड लादले. रेटिंग पाहा: १४६ वरून १६१, पंधरा पॉइंट. हँडिकॅपरचं मत पंधरा पौंडांनी बदललं. वरचे सहा पौंड आले ते त्या वर्षी त्याच्या डोक्यावर कोणी १६७ चा घोडा नव्हता म्हणून. त्या सहा पौंडांबद्दल हँडिकॅपरला बोल लावणं चूक आहे.

अजून खात्री हवी असेल तर १४८ रेटिंगचे तीन विजेते पाहा. २००९ मध्ये मॉन मोम ११ स्टोन घेऊन जिंकला, २०१६ मध्ये रूल द वर्ल्ड १० स्टोन ७ घेऊन, २०१७ मध्ये वन फॉर आर्थर १० स्टोन ११ घेऊन. तिघांचं रेटिंग एकच आणि वजनं तीन. नुसता वजनाचा रकाना वाचणाऱ्याला रूल द वर्ल्ड "हलका" आणि मॉन मोम "जड" वाटला असणार. हलकं वजन एवढंच सांगतं, की या शर्यतीत याच्यापेक्षा सरस मानलेले घोडे आहेत. ते कितीने सरस, तेही सांगतं. पण हा घोडा स्वतःच्या रेटिंगपेक्षा चांगला आहे का, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही.

याच गोंधळातून "वजन वाढलं हो याचं" ही हळहळ निघते. फेब्रुवारीत वजनं जाहीर होतात. पुढे टॉप वेटचा घोडा मागे घेतला गेला की सगळी यादी वर सरकते, म्हणजे उरलेल्या प्रत्येकाचं वजन सारख्याच पौंडांनी वाढतं. कोणाचाही कोणाशी असलेला फरक बदलत नाही. तरी दरवर्षी कोणीतरी आपला घोडा चार पौंडांनी "मारला गेला" म्हणून सोडून देतो. त्याच्या शेजारचा घोडाही तेवढाच वर गेलेला असतो, हे त्याच रकान्यात लिहिलेलं असतं.

अकरा स्टोनचा नियमही तसाच. "अकरा स्टोनच्या वरचे खोडून टाका" हा सल्ला मी लहानपणापासून ऐकत आले. एके काळी आकडे त्याच्या बाजूने होते हे खरं. १९८३ मध्ये कॉर्बिएर ११ स्टोन ४ घेऊन जिंकला, आणि त्यानंतर अकरा स्टोनच्या वरचा विजेता यायला २००५ उजाडलं, तेव्हा हेजहंटरने ११ स्टोन १ वर बाजी मारली. पण त्यानंतर काय झालं? २०१० मध्ये डोन्ट पुश इट ११ स्टोन ५, २०१२ मध्ये नेपच्यून कोलाँज ११ स्टोन ६, २०१५ मध्ये मेनी क्लाउड्स ११ स्टोन ९, २०१९ मध्ये टायगर रोल ११ स्टोन ५, २०२४ मध्ये आय अ‍ॅम मॅक्सिमस ११ स्टोन ६, २०२५ मध्ये निक रॉकेट ११ स्टोन ८. घोडे अचानक बलदंड झाले नाहीत. यादीचा तळ वर आला. २०२४ पासून १३० च्या खालच्या रेटिंगच्या घोड्याला प्रवेशच नाही, त्याआधी ही मर्यादा १२५ होती. वरचा आणि खालचा यांच्यातलं अंतर आकसलं की वजाबाकीही आकसते, आणि मधले घोडे आपोआप अकरा स्टोनच्या आसपास येऊन बसतात. जुन्या काळच्या ११ स्टोनचा अर्थ आजच्या ११ स्टोनला लागू होत नाही. हा सल्ला अजूनही देणाऱ्यांनी कृपा करून तो थांबवावा, नवख्यांचे पैसे जातात.

मग सवलत कशाला म्हणायचं? घोड्याची आजची खरी लायकी आणि त्याचं रेटिंग, यांच्यातली जागा. ती १० स्टोनच्या घोड्यात असू शकते, तशी ११ स्टोन ८ च्या घोड्यातही. नॅशनलमध्ये ती सापडण्याचं एक ठिकाण तर उघड्यावर आहे. वजनं फेब्रुवारीत ठरतात, शर्यत एप्रिलमध्ये होते, आणि मधल्या काळात घोडा कितीही जिंकला तरी नॅशनलच्या वजनात त्याची पेनल्टी (वाढीव वजन) लागत नाही. २०२३ चा कोराक रॅम्बलर आठवा. त्याचं वजन १४६ च्या रेटिंगवर ठरलं होतं. मार्चमध्ये चेल्टनहॅमला त्याने अल्टिमा हँडिकॅप सलग दुसऱ्या वर्षी जिंकला, आणि त्याचं रेटिंग दहा पौंडांनी वाढलं. पण एन्ट्रीला तो जुन्याच १४६ वर, १० स्टोन ५ घेऊन उभा राहिला. हँडिकॅपरचं ताजं मत वेगळं आणि पाठीवरचं ओझं जुन्या मताचं. दहा पौंडांची सवलत अशी हातात पडलेली असते. तीन मैलांच्या चेसमध्ये ढोबळमानाने एक पौंड म्हणजे एक लेन्थ (घोड्याची एक लांबी) धरतात, त्या हिशेबाने पाहा. तो फेव्हरिट होता आणि सव्वादोन लेन्थनी जिंकला. त्याच्या वजनाचं कौतुक करणारे पुष्कळ भेटले. पण १० स्टोन ५ हे कारण नव्हतंच. त्याच शर्यतीत त्याच्याइतकंच किंवा त्याहून कमी वजन घेऊन पळालेले घोडे मागे राहिले.

दुसरी जागा कमी धावलेल्या घोड्यांत असते. नोबल येट्स फेन्सवरच्या पहिल्याच हंगामात होता, वय सात. १९४० नंतर सात वर्षांचा घोडा नॅशनल जिंकला नव्हता, म्हणून लोकांनी त्याला खोडला आणि भाव ५० ला १ पर्यंत गेला. मी इथे ठाम आहे: मोजक्या धावांवर बेतलेल्या रेटिंगमध्ये चूक असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि ती चूक अजून सुधारत असलेल्या तरुण घोड्याच्या बाजूने असते. तीसेक शर्यती पळालेल्या अकरा वर्षांच्या घोड्याबद्दल हँडिकॅपरला सगळं ठाऊक असतं. तिथे तुम्ही त्याच्यापेक्षा शहाणे ठरणं अवघड.

मात्र उतरत्या रेटिंगला सरसकट सवलत समजू नका. घोडा थकला म्हणून रेटिंग उतरलं असेल, तर ते बरोबरच उतरलंय. लेस्कार्गोने दोन गोल्ड कप जिंकले होते. नॅशनलमध्ये १९७३ ला तो १२ स्टोन घेऊन तिसरा आला, १९७४ ला ११ स्टोन १३ वर दुसरा, आणि १९७५ ला, बाराव्या वर्षी, ११ स्टोन ३ वर पहिला. तिथे वजन घोड्याच्या उतरणीपेक्षा भराभर उतरलं, म्हणून ती सवलत ठरली. असे घोडे थोडे. नुसतेच म्हातारे झालेले पुष्कळ.

वजनातच सवलत दडलेली असण्याचा एक खरा अपवाद आहे. फिल स्मिथ २०१८ पर्यंत नॅशनलची वजनं ठरवत, आणि चांगल्या घोड्यांनी यावं म्हणून वरच्यांना रेटिंगच्या हिशेबापेक्षा काही पौंड कमी देत. नॅशनलपुरती तेवढी मुभा हँडिकॅपरला होती. म्हणजे सवलत मिळायची ती जड घोड्यांना! तळाचे घोडे उराशी धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

भांडायचं तर रेटिंगवर भांडावं. टायगर रोल २०१८ मध्ये १५० वर आणि २०१९ मध्ये १५९ वर जिंकला. २०२१ साठी त्याला १६६ दिलं, आणि त्याच्या मालकांनी, गिगिन्सटाउनने, ते अन्यायाचं आहे म्हणत घोडा काढून घेतला. ते बरोबर होते की हँडिकॅपर, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण वाद योग्य आकड्यावर होता.

वजनाला अर्थच नाही असं मी म्हणत नाही. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आलेला क्रिस्प १२ स्टोन घेऊन कितीतरी लेन्थ पुढे पळत होता. शेवटची फेन्स ओलांडल्यावर एन्ट्रीला जवळजवळ पाचशे यार्डांची सरळ धाव असते. तिथे त्याचे पाय जड झाले, तो डोलू लागला, आणि मागून आलेल्या रेड रमने अगदी शेवटच्या ढांगांत त्याला पाऊण लेन्थने गाठलं. रेड रमच्या पाठीवर १० स्टोन ५ होतं, क्रिस्पपेक्षा २३ पौंड कमी. दोघांनीही जुना विक्रम मोडला होता. तेव्हापासून लोक म्हणत आले, की वजनाने क्रिस्पला हरवलं. खरंच आहे ते. पण १९७४ मध्ये रेड रमच्याही पाठीवर १२ स्टोन आलं, क्रिस्पएवढंच, आणि तो सात लेन्थनी जिंकला. आदल्या वर्षीच्या १० स्टोन ५ मध्ये किती जागा होती, ते तेव्हा दिसलं.