मास्टर्स, व्हॉलंटिअरिंग आणि अमेरिकेतला मेडिकलचा अर्ज: गाडं नेमकं कुठे अडतं

एम.डी.ला (अमेरिकेत डॉक्टर होण्याची पहिलीच पदवी) अर्ज करण्याआधी हेल्थ सायन्सेसचं मास्टर्स करत असाल तर एक गैरसमज आधी काढून टाका. बहुतेक एम.डी. कॉलेजांचा सामायिक अर्ज ॲमकासवर भरतात, आणि तिथे मास्टर्सचे ग्रेड बॅचलर्सच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) मिळवत नाहीत, वेगळे दाखवतात. जुना जीपीए वर न्यायचा असेल तर पदवी पातळीचे पोस्ट-बॅक (बॅचलर्स झाल्यावर घेतलेले) कोर्सच घ्यावे लागतात.

पात्रतेचं म्हणाल तर बरीच कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. फी भरण्याआधी प्रत्येक कॉलेजचा नियम वाचा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर आणखी एक: ज्या कामाचे एरवी पैसे देतात ते फुकट केलं म्हणून व्हॉलंटिअरिंग ठरत नाही. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारा, आणि उत्तर ईमेलवरच घ्या.

हॉस्पिटलचा व्हॉलंटिअरिंगचा फॉर्म पाच मिनिटांचा असतो. अडतं ते लसीकरणापाशी. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी, सगळ्याचा पुरावा हवा. आपल्याकडचं कार्ड गावी कपाटात, त्यावर नुसती टिक, तारीख गायब! घरच्यांना शोधायला लावण्यात महिना घालवू नका. रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी बहुतेक ठिकाणी चालते. टीबीचंही तसंच. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची हातावरची टेस्ट विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रेच्या फेऱ्या. सरळ रक्ताची आयजीआरए टेस्ट चालेल का, हे पहिल्याच दिवशी विचारा. या सगळ्यात आठवडे जातात, म्हणून हे काम सेमिस्टर सुरू होण्याआधीच उरकावं. नंतर आठवड्याला एकच शिफ्ट धरा, पण वर्षभर. परीक्षा आली की गायब आणि सुट्टीत धो-धो तास, हे अर्जात लगेच दिसतं.

तारखांचा घोळ दरवर्षीचाच. कॉलेजची शेवटची तारीख ऑक्टोबर-नोव्हेंबरची दिसली की मुलं निवांत होतात. पण अर्ज मे अखेर-जून सुरुवातीपासून घेतात, अर्ज येतील तसे प्रवेश देत जातात, आणि गर्दीत ॲमकासच्या नुसत्या पडताळणीलाच कित्येक आठवडे लागतात. ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची अधिकृत गुणपत्रिका) मात्र घाईने मागवू नका. स्प्रिंग सेमिस्टरचे ग्रेड चढल्यावरच मागवा. एकदा पडताळणी झाली की नंतरचे ग्रेड जीपीएत धरत नाहीत. शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजात केलेला एखादा कोर्ससुद्धा दाखवावा लागतो, त्याचंही ट्रान्सक्रिप्ट लागतं. ते राहिलं की अर्ज रखडतो.

अर्जात अनुभवाच्या जास्तीत जास्त पंधरा नोंदी, प्रत्येकी ७०० अक्षरांत. त्यातल्या तीन सर्वांत महत्त्वाच्या म्हणून निवडून आणखी १३२५ अक्षरं मिळतात. झालेले तास आणि पुढे होणार असलेले तास वेगळे लिहा. अर्ज सबमिट केल्यावर या नोंदी बदलता येत नाहीत. प्रत्येक नोंदीला संपर्काची व्यक्ती लागते, आणि व्हॉलंटिअर कोऑर्डिनेटर सारखे बदलत असतात. तेव्हा तासांचं पत्र शेवटच्या शिफ्टलाच, सही-तारखेसकट घेऊन ठेवा.