एलसीडीतले द्रवस्फटिक स्वतः चमकत नाहीत

‘वीज मिळाली की एलसीडीतले द्रवस्फटिक उजळतात’ हा समज जुना आहे, आणि एलसीडी (लिक्विड क्रिस्टल डिस्प्ले, म्हणजे द्रवस्फटिकांचा पडदा) हे नाव ऐकून तसं वाटणं साहजिकच.

राखाडी पडद्याचा, आत दिवा नसलेला साधा कॅल्क्युलेटर पूर्ण अंधारात सुरू करा. आकडे दिसणार नाहीत. म्हणजे प्रकाश बाहेरचा. एलसीडी टीव्हीत तो मागच्या दिव्यांचा असतो आणि रंग लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमुळे येतात.

मग द्रवस्फटिक करतात काय? त्यांचे रेणू काडीसारखे. द्रवासारखे वाहतात, पण साधारण एकाच दिशेला रोख ठेवून. हीच नेमॅटिक मांडणी. कॅल्क्युलेटरच्या दोन काचांमधल्या काही मायक्रोमीटरच्या थरात ही दिशा 90 अंशांनी पिळलेली असते. थराच्या दोन्ही बाजूंना एकमेकांशी काटकोनात ध्रुवक असतात, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या पट्ट्या. पहिल्यातून आलेल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण (कंपनाची दिशा) रेणूंच्या पिळासोबत वळतं, म्हणून तो दुसऱ्या ध्रुवकातूनही पार होतो. काही व्होल्ट दिले की रेणू काचेला काटकोनात उभे राहतात, पीळ सुटतो, प्रकाश अडतो. तोच काळा आकडा!

पोलराइज्ड गॉगल पडद्यासमोर फिरवून पाहा: उजळ स्थितीपासून 90 अंशांवर पडदा काळवंडतो. हा प्रयोग ओएलईडी (स्वतः चमकणाऱ्या बिंदूंचा पडदा) फोनवर मात्र करू नका, त्यातून द्रवस्फटिकांबद्दल काही कळणार नाही. तिथे द्रवस्फटिक नसले तरी वर ध्रुवक असतोच.