कृत्रिम सांध्याचा जंतुसंसर्ग (ग्रामीण विदर्भ)

गुडघा किंवा खुबा बदलल्यावर बसवलेल्या धातू-प्लॅस्टिकच्या सांध्याभोवती जंतू वाढून होणारा आजार. पहिल्यांदाच सांधा बदललेल्या रुग्णांपैकी साधारण १ ते २ टक्के जणांना तो होतो. तोच सांधा पुन्हा बदलावा लागला, तर धोका बराच वाढतो.

बहुतेक वेळा कारण ठरतात ते त्वचेवर एरवी निमूट राहणारे स्टॅफिलोकॉकस गटातले जंतू. ते धातूला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. या थरात रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे फारसे काही चालत नाही आणि औषधही पुरेसे पोचत नाही. थर पक्का व्हायला काही आठवडे पुरतात, म्हणून या आजारात दिवस मोजावे लागतात.

संसर्ग पहिल्या ३ महिन्यांत झाला तर जखम लाल होते, पाझरते, ताप येतो. ३ महिने ते २ वर्षांच्या काळात बऱ्याचदा नुसता ठणका असतो आणि सांधा ढिला होतो. त्यानंतरचा संसर्ग बहुधा शरीरातल्या दुसऱ्या जखमेतून रक्तावाटे येतो. किडलेला दात, लघवीतला संसर्ग, पायाची जखम यांपैकी काहीही पुरते. कापसाच्या वावरात पऱ्हाटीचे खुंट पायात घुसतात. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्या बाईला तर काटा रुतल्याचेही कळत नाही. सात-आठ वर्षे उत्तम चाललेला गुडघा अशा जखमेमागून अचानक सुजतो.

पूर्व विदर्भात सिकलसेलचे (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण बरेच आहेत. या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरते आणि ऐन तरुणपणी खुबा बदलण्याची वेळ येते. प्लीहा निकामी झालेली असल्याने जंतूंशी लढण्याची ताकद कमी, त्यात साल्मोनेलासारखे जंतू हाडात शिरण्याची सवय या आजाराला आहेच. अशा रुग्णाची शस्त्रक्रिया सिकलसेलची नीट माहिती असलेल्या दवाखान्यातच व्हावी.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते गावी परतल्यावरच्या दिवसांत. टाके निघाले आहेत, पण पट्टीवर रोज रुपयाएवढा पिवळसर ओला डाग दिसतो. मोठा दवाखाना लांब, मजुरी बुडते, म्हणून गावातल्या डॉक्टरकडून पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या जातात. डाग वाळतो, घरचे निश्चिंत होतात, गोळ्या संपल्या की पुन्हा पाझर सुरू. या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, फक्त लपतात. पुढे सांध्यातले पाणी काढून तपासले तरी त्यात काही उगवत नाही, आणि कोणते औषध द्यावे हेच ठरत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर आठवडा उलटूनही जखम ओली असेल, तर गोळी घेण्याआधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरला दाखवावे. हे सांगणे सोपे आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडहून निघणेच अशक्य होते. तरी फोन करून जखमेचा फोटो पाठवता येतो, आणि तेवढ्यानेही पुढचा निर्णय बदलू शकतो.

निदानासाठी रक्तातले सीआरपी आणि ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारे आकडे) पाहतात, पण शस्त्रक्रियेनंतर काही काळ ते वाढलेलेच असतात. खरा पुरावा सांध्यातल्या पाण्यातून मिळतो. त्याआधी प्रतिजैविके शक्यतो दोन आठवडे बंद ठेवतात आणि कल्चर (त्या पाण्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढतात का, ही तपासणी) १४ दिवसांपर्यंत पाहतात. त्वचेतून थेट सांध्यापर्यंत गेलेले पुवाचे तोंड दिसले, तर संसर्ग पक्का समजतात. सुरुवातीचा एक्स-रे मात्र अगदी निर्दोष असू शकतो.

प्रतिबंधाचा मोठा इतिहास इंग्लंडमधल्या जॉन चार्नली यांच्याशी जोडलेला आहे. १९६० च्या दशकात त्यांनी शस्त्रक्रियागृहातली हवाच स्वच्छ करायला घेतली आणि संसर्ग कितीतरी कमी झाला. आज चीर देण्याआधी तासाभरात प्रतिजैविकाचे इंजेक्शन देतात. रुग्णाच्या हातातली तयारी म्हणजे साखर आटोक्यात आणणे, तंबाखू-विडी सोडणे, रक्त वाढवणे, दात आणि पायाच्या जखमा आधी बऱ्या करणे. दुखऱ्या गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल, तर शस्त्रक्रिया किमान ३ महिने पुढे ढकलतात. ते कुठे घेतले हे लपवू नये.

कोणता उपचार करायचा, हे रुग्ण किती लवकर पोचला यावर ठरते. लक्षणे सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या आत रुग्ण पोचला आणि सांधा घट्ट असला, तर तो उघडून धुतात, मधला प्लॅस्टिकचा भाग बदलतात, धातू तसाच राखतात. उशीर झाला की सगळा सांधा काढावा लागतो. त्या जागी प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात, साधारण सहा आठवडे औषधे देतात आणि संसर्ग गेल्याची खात्री झाल्यावर नवा सांधा घालतात. या मधल्या महिन्यांत एक हंगाम हातचा जातो. तरीही पू थांबला नाही, तर गुडघ्याची हाडे एकमेकांना जोडून टाकतात: गुडघा वाकत नाही, पण पायावर भार घेऊन चालता येते. पाय कापावा लागणे क्वचित घडते, तेही जिवावर बेतले तरच.