कंपवाताचं प्रथिन: मोजून कळेना, तेव्हा वाढवून पाहिलं

कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं निदान आजही मुख्यतः डॉक्टरांच्या तपासणीवरच होतं. हाताचा कंप, मंदावलेली हालचाल, स्नायूंचा ताठरपणा. पण ही लक्षणं दिसेपर्यंत मेंदूतल्या डोपामिन (हालचालींना लागणारं रसायन) बनवणाऱ्या कितीतरी पेशी नष्ट झालेल्या असतात. म्हणूनच आजाराची खूण शरीरातल्या द्रवांत आधीच सापडावी, असं संशोधकांना वाटत आलं आहे.

१९९७ मध्ये या आजाराशी अल्फा-सायन्युक्लीन नावाच्या प्रथिनाचा संबंध उघड झाला. १४० अमिनो आम्लांचं हे प्रथिन प्रत्येकाच्या चेतापेशींत असतं. कंपवातात त्याची घडी, म्हणजे दुमडून बनणारा आकार, चुकते आणि पेशींत गुठळ्या साचतात. मग पाठीच्या मणक्यातून पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, काढून त्यात हे प्रथिन किती आहे, हे मोजायला सुरुवात झाली. रुग्णांमध्ये सरासरी थोडी कमी भरली, पण निरोगी माणसांचे आकडे आणि रुग्णांचे आकडे इतके एकमेकांत मिसळले, की समोरच्या एका माणसाबद्दल काहीच ठामपणे सांगता येईना.

त्यात रक्ताची अडचण. रक्तातलं ९९ टक्क्यांहून अधिक अल्फा-सायन्युक्लीन तांबड्या पेशींत असतं. सुई टोचताना बारीकशी रक्तवाहिनी दुखावली, तरी आकडा भलताच फुगतो. म्हणून नमुन्यातलं हिमोग्लोबिनही मोजतात आणि ते जास्त निघालं तर नमुना बाद करतात. शिवाय हे प्रथिन नळीच्या प्लास्टिकलाही चिकटतं. नळी कोणती वापरली, नमुना किती वेळात उणे ८० अंशांवर गोठवला, या गोष्टी मला यंत्राइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत, त्यामागे बरेचदा हीच कारणं असतात.

खरी वाट सापडली ती प्रश्न बदलल्यावर. चुकीच्या घडीचं प्रथिन विरजणासारखं वागतं: चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखं करून घेतं. नव्या चाचणीत पाठीतल्या पाण्याचे काही थेंब प्रयोगशाळेत बनवलेल्या शुद्ध प्रथिनात मिसळतात आणि मिश्रण तासन्‌तास हलवत ठेवतात. नमुन्यात चुकलेल्या घडीचा अंश असेल तर धागे वाढत जातात, आणि थायोफ्लेविन हे रंगद्रव्य त्यांना चिकटून चमकू लागतं.

कंपवातावरच्या संशोधनाला निधी देणाऱ्या मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनच्या पाठबळावर चाललेल्या मोठ्या अभ्यासातल्या १,१२३ जणांवर ही चाचणी झाली. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सुमारे ८८ टक्के रुग्णांत ती होकारार्थी आली, तर ९६ टक्के निरोगी व्यक्तींत नकारार्थी. वास घेण्याची क्षमता कमी झालेल्या, पण अजून कंप नसलेल्या काही जणांतही खूण दिसली. मात्र एलआरआरके२ जनुकात दोष असलेल्या रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांत ती दिसलीच नाही. याचा अर्थ, कंपवात म्हणून ओळखला जाणारा आजार सगळ्यांच्या शरीरात एकाच वाटेने जात नसावा. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

ही चाचणी प्रामुख्याने ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगते. औषधाने आजार मंदावला का, हे पाहायला मात्र चढ-उतार दाखवणारा आकडा हवा, आणि तोही वारंवार पाठीत सुई न टोचता. त्यासाठी आता रक्त आणि त्वचेचे नमुने तपासले जात आहेत.