कृत्रिम हृदय : दाता मिळेपर्यंतचा साकव

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोणाचं हार्ट पार निकामी झालं की बहुतेकांना मुंबईच गाठावी लागते, आणि तिथे ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव लागलं तरी दाता मिळेपर्यंत जगायचं कसं हा प्रश्न उरतोच. कृत्रिम हृदय वापरतात ते मुख्यतः ह्या मधल्या काळासाठी, पऱ्ह्यावर तात्पुरता साकव घालतात ना, तसं.

डिसेंबर 1967 ला दक्षिण आफ्रिकेत केपटाउनमध्ये डॉ. बर्नार्डनी माणसाच्या हृदयाचं पहिलं ट्रान्सप्लांट केलं, पेशंट 18 दिवस जगला. त्यानंतर फेब्रुवारी 1968 ला आपल्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. पी. के. सेन यांनी केलं (हे आपल्याकडेच कितीजणांना माहीत असतं!), पण पेशंट काही तासांतच गेला. शिवाय रिजेक्शनवर, म्हणजे शरीर परकं हृदय नाकारतं त्यावर, तेव्हा धड औषधच नव्हतं.

एप्रिल 1969 ला अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये सर्जन डेंटन कूलींनी कृत्रिम हृदयाचं यंत्र बसवून पेशंटला 64 तास जगवला, मग माणसाचं हृदय घातलं, तरी तो दीड दिवसात गेला. वर यंत्र तिथलेच दुसरे सर्जन डीबेकी यांच्या लॅबमधलं आहे म्हणून जो राडा झाला तो मिटायला 2007 साल उजाडलं, एवढे मोठे सर्जन पण भांडण अगदी बांधावरचं. 1982 ला अमेरिकेतच यूटामध्ये जार्विक-7 नावाचं कृत्रिम हृदय कायमचं म्हणून बसवलं, पेशंट 112 दिवस जगला पण यंत्र चालवणाऱ्या हवेच्या कॉम्प्रेसरच्या नळ्यांना बांधलेलाच, आणि माझ्या मते तिथेच कळलं की हे मुक्कामाचं साधन नाही. तोवर रिजेक्शन रोखणारं सायक्लोस्पोरिन हे औषध आलं होतं, आणि 1985 ला अमेरिकेतल्या टक्सनमध्ये डॉ. कोपलँडनी तेच जार्विक-7 फक्त नऊ दिवस वापरून ट्रान्सप्लांट केलं, ते जमलं.

आता बऱ्याचदा पूर्ण हृदय न काढता डाव्या कप्प्याला मदत करणारा पंप लावतात, एलव्हीएडी. आपल्याकडे 1994 ला अवयवदानाचा कायदा आला, त्याच वर्षी दिल्लीच्या एम्स हॉस्पिटलमध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी ट्रान्सप्लांट यशस्वी केलं, मुंबईत मात्र पुन्हा व्हायला 2015 लागलं.

गावाकडची अडचण वेगळीच आहे. पंपाची वायर पोटातून बाहेर येते, बॅटऱ्या रोज चार्ज कराव्या लागतात, आणि निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत लाइट किती दिवस नव्हती ते आपण बघितलंय. त्यात काढलेलं हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं आणि रत्नागिरीहून मुंबई रस्त्याने सात-आठ तास, त्यामुळे पंप लावला तरी पेशंटला फोनची वाट बघत मुंबईतच खोली घेऊन राहावं लागतं, भाडं वेगळं.