हॅरी पॉटरच्या आधीची वाट

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत हॅरी पॉटर आता नवा राहिलेला नाही. कुणी इंग्रजीतून वाचतं, कुणी मराठी अनुवादातून. मोठ्यांची तक्रार ठरलेली: हे सगळं परकं, आपल्या गोष्टी मागे पडल्या. मला ती पटत नाही. या पुस्तकांचा माग काढत गेलं की वाट बरेचदा आपल्याच अंगणातून जाते.

मालिकेच्या शेवटच्या भागात (२००७) तीन भावांची गोष्ट आहे. त्यांना वाटेत मृत्यू भेटतो, तिघांना तीन वस्तू देतो आणि दोघांचा त्यापायीच घात होतो. या गोष्टीमागे चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रजी कवीची एक कथा असल्याचं लेखिका जे. के. रोलिंग यांनी स्वतः सांगितलं आहे. चॉसरकडे तीन उनाड तरुण मृत्यूलाच मारायला निघतात आणि झाडाखाली त्यांना सोनं सापडतं. धाकटा दारू आणायला गावात जातो, तीत विष कालवतो. परत येताच उरलेले दोघे त्याला भोसकतात आणि तीच दारू पितात.

याच्या कितीतरी आधीचं पालीतलं वेदब्भ जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांपैकी एक, पाहा. एका ब्राह्मणाला आकाशातून रत्नांचा पाऊस पाडायचा मंत्र येतो, पण तो ठरावीक ग्रहयोगावरच फळतो. दरोडेखोर त्याला गाठतात. रत्नांपायी त्याचा जीव जातो, मग टोळ्या आपसांत कापाकापी करतात आणि शेवटी दोघेच उरतात. एक तलवार घेऊन धनाची राखण करतो, दुसरा भात आणायला जातो आणि त्यात विष घालतो. तो परतताच पहिला त्याला ठार करतो, भात खातो आणि मरतो. फारसी आणि अरबीतही या कथेची रूपं आहेत.

'द हॉबिट'चे लेखक टोल्कीन तर ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे प्राध्यापकच होते. 'बेओवुल्फ' या प्राचीन काव्यात चोर ड्रॅगनच्या खजिन्यातला एक प्याला उचलतो आणि चवताळलेला ड्रॅगन वस्ती जाळत सुटतो. 'द हॉबिट'मध्ये (१९३७) नायक बिल्बोही ड्रॅगनचा प्यालाच पळवतो. त्याच्या सोबतच्या बुटक्यांची बहुतेक नावं, गँडाल्फ या जादूगाराचं नावसुद्धा, जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियन) काव्यातली आहेत. पुढच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली (१९५४-५५) अंगठी नदीत पडते आणि मासे धरायला आलेल्याच्या हाती लागते. शकुंतलेची अंगठीही पाण्यातच पडली होती आणि माशाच्या पोटातून कोळ्याला मिळाली. टोल्कीननी ती कालिदासाकडून उचलली असं मी म्हणणार नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेही पॉलिक्रेटीस राजाची अंगठी माशाच्या पोटातूनच परत आणली आहे.

पण ती शकुंतला मराठी रंगभूमीवर गात आणणारा माणूस आमच्याकडचा, याचा मला अभिमान आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्ये सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरला जन्मले. 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात झाले. त्यांच्या जन्माच्याच वर्षी विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून.

सीमाभागात गोष्टी अशाच दोन्ही भाषांत फिरल्या. मराठी घरात मुलांचं मासिक 'चांदोबा' यायचं, शेजारच्या कन्नड घरात 'चंदमामा'. चित्र तेच: स्मशान, विक्रमाच्या खांद्यावर प्रेत, हातात तलवार. वेताळाच्या त्या गोष्टी अकराव्या शतकात सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त घेतल्या. त्याचा आधार गुणाढ्याची हरवलेली 'बृहत्कथा', आणि परंपरा गुणाढ्याला पैठणच्या सातवाहन दरबारात बसवते. त्याच शतकात कवी दुर्गसिंहाने कन्नड 'पंचतंत्र' लिहिलं आणि त्याचं मूळ गुणाढ्यापर्यंत नेलं.

हॅरी पॉटर संपवलेल्या मुलाच्या हाती मी 'कथासरित्सागरा'चा मराठी अनुवाद देईन आणि आधी पुत्रकाची गोष्ट काढून देईन. तिच्यात मयासुराचे दोन मुलगे तीन वस्तूंसाठी भांडत असतात: हवं ते अन्न देणारं भांडं, लिहिलेलं खरं करणारी काठी आणि आकाशातून नेणाऱ्या पादुका.